अंध मित्रासोबत मुंबई फिरायचीय? मग ‘याला काय दाखवू?’ हा प्रश्न आधी सोडा

मुंबई बघायला आलेला माणूस ओव्हल मैदानावर पोहोचला, की हमखास मान वर करतो. समोर राजाबाई टॉवर असतो. उंची तब्बल २८० फूट. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात.

पण या टॉवरची जी गोष्ट मुंबईत सांगितली जाते, ती बघण्याची नाही, ऐकण्याची आहे. प्रेमचंद रायचंद हे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या शेअर बाजारातलं फार मोठं नाव. टॉवरसाठी त्यांनी २ लाख रुपये दिले आणि टॉवरला नाव दिलं गेलं त्यांच्या आईचं. राजाबाई. सांगतात ते असं, की राजाबाईंना दिसत नव्हतं. जैन धर्मातल्या नियमाप्रमाणे त्यांना सूर्यास्ताच्या आत जेवायचं असे. टॉवरचे ठोके ऐकले, की किती वाजले ते कुणाला न विचारता त्यांना कळायचं. टॉवरचं काम पूर्ण झालं १८७८ साली.

म्हणजे ज्या इमारतीकडे सगळी मुंबई मान वर करून बघते, तिची ओळख एका न दिसणाऱ्या बाईच्या कानांशी जोडलेली आहे.

आता प्रश्न असा, की आज एखादा अंध मित्र, मैत्रीण, काका किंवा आजी मुंबई फिरायला निघाली, तर सोबत जाणाऱ्यानं नेमकं काय करायचं? बहुतेक घरांत हा प्रश्न येतच नाही. कारण त्याआधीच कुणीतरी म्हणून टाकतं, “तू येऊन काय करणार? तिथं सगळं बघण्यासारखंच आहे.” या एका वाक्यामुळे कितीतरी माणसं सहलीच्या दिवशी घरी राहतात. म्हणून आधी याच वाक्याचा हिशेब करू.

अंध माणूस फिरायला जाऊन करतो काय?

जेम्स होलमन नावाचा एक इंग्रज माणूस होता. जन्म १७८६ चा. नौदलात अधिकारी होता. पंचविशीत त्याची दृष्टी गेली. त्या काळी अशा माणसानं घरात बसून राहावं अशीच अपेक्षा असायची. होलमन मात्र फिरायला निघाला. व्हेसुव्हियस ज्वालामुखी चढला. रशियातून सायबेरियापर्यंत गेला. तिथं झारच्या सरकारला हा माणूस हेर आहे की काय असा संशय आला आणि त्याला बंदोबस्तात देशाबाहेर नेऊन सोडलं. पुढे त्यानं जगाची सफर केली आणि प्रवासावर अनेक खंडांची पुस्तकं लिहिली. हातातली काठी जमिनीवर आपटायची आणि परत येणाऱ्या आवाजावरून समोर भिंत आहे की मोकळी जागा याचा अंदाज घ्यायचा, ही त्याची पद्धत.

अलीकडचं उदाहरण अमर लतीफ यांचं. ब्रिटनमध्ये राहणारे लतीफ तरुणपणीच अंध झाले. सहलीच्या कंपन्या एकट्या अंध प्रवाशाला घ्यायला तयार होईनात, तेव्हा २००४ मध्ये त्यांनी स्वतःचीच प्रवास कंपनी काढली. नाव ‘ट्रॅव्हलआइज’. तिच्या सहलीत अंध आणि डोळस प्रवासी एकत्र जातात. डोळस प्रवाशाला सहल स्वस्त पडते. त्याबदल्यात त्यानं चालताना सोबत करायची आणि दिसतंय ते सांगायचं. जोड्या बदलत राहतात, त्यामुळे कुणी कुणाचा कायमचा मदतनीस होत नाही.

या कंपनीची खरी कल्पना इथंच आहे. डोळस माणूस तिथं नोकर म्हणून येत नाही आणि पुण्य कमवायलाही येत नाही. तोही सहलीलाच आलेला असतो.

आधी एक गैरसमज काढून टाका

अंध म्हणजे डोळ्यांसमोर कायम काळोख, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात असं प्रत्येकाचं नसतं. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, तर त्याला अंधत्व म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं, तर निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं, ते पाहायला या माणसाला ३ मीटरच्याही आत यावं लागतं. नजरेचा आवाका १० अंशांपेक्षा कमी असेल, तर तेही अंधत्वच. म्हणजे एखाद्या बारीक नळीतून बघावं तसं.

त्यामुळे कुणाला उजेड आणि सावली कळते. कुणाला भडक रंग कळतो. कुणाला समोरचं दिसतं पण बाजूचं नाही. कुणाला दिवसा थोडं दिसतं आणि संध्याकाळी काहीच नाही. म्हणून निघण्याआधी सरळ विचारून घ्यायचं, “तुला काय दिसतं आणि कशाची मदत लागेल?” यात अपमान काही नाही. न विचारता अंदाज बांधण्यातच घोळ होतो.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. अंध माणसाचे कान जादूचे असतात, त्याला सगळं आपोआप कळतं, असंही लोक म्हणतात. तसं नसतं. सराव झालेला माणूस आवाजाकडे, वासाकडे आणि पायाखालच्या जमिनीकडे जास्त लक्ष देतो, इतकंच. आणि ज्याची दृष्टी उतारवयात, काचबिंदूनं किंवा मधुमेहानं गेली आहे, त्याला तो सराव असेलच असंही नाही. त्याच्यासोबत चालताना वेग आणखी कमी ठेवावा लागतो.

हात धरायचा नाही, हात द्यायचा

सोबत चालण्याची एक ठरलेली पद्धत आहे. अंध शाळांमध्ये आणि प्रशिक्षण केंद्रांमध्ये ती शिकवतात. पाच मिनिटांत जमते.

डोळस माणसानं अंध माणसाचा दंड पकडून त्याला ढकलत न्यायचं नाही. आपला हात पुढे करायचा. तो कोपराच्या थोडं वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. असं केल्यानं पुढच्या माणसाचं शरीर वळलं, थांबलं, वर चढलं की मागच्याला ते हातातूनच कळतं. ढकलत नेलं, तर जिन्यावर पहिला पाय त्याचा पडतो, आणि तोही न सांगता.

बाकीच्या गोष्टी अशा :

पायरी आली की थांबायचं आणि वर आहे की खाली ते सांगायचं. “सांभाळून!” एवढंच ओरडण्याचा उपयोग नाही. त्यानं माणूस फक्त दचकतो. “तीन पायऱ्या खाली” म्हटलं, की काम झालं. शेवटची पायरी संपली तेही सांगायचं.

वाट अरुंद झाली, तर आपला हात पाठीमागे न्यायचा. तो बरोबर मागे येतो. मुंबईच्या फुटपाथवर फेरीवाले, विजेचे डबे आणि लावलेल्या बाइक यांच्यामधून जाताना ही युक्ती दर दहा पावलांवर लागते.

खुर्चीवर बसवताना खांद्यावर दाब द्यायचा नाही. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, तो आपला बसतो. टॅक्सीत बसतानाही एक हात दारावर आणि एक हात टपाच्या कडेवर ठेवून दिला, की डोकं आपटत नाही.

पांढरी काठी ओढायची नाही आणि न विचारता हातात घ्यायची नाही. ती काठी म्हणजे त्याचा जमिनीशी असलेला संबंध.

तिकीट काढायला जायचं असेल, तर सांगून जायचं आणि आलं की सांगायचं. मोकळ्या जागेत एकटं उभं करायचं नाही. भिंत, खांब किंवा कठडा, काहीतरी हाताला लागेल अशा ठिकाणी थांबवायचं. गर्दीच्या मधोमध उभं राहून हवेशी बोलत राहण्यासारखं अवघडलेपण दुसरं नाही, आणि हा प्रसंग बऱ्याच अंध व्यक्तींवर आलेला असतो.

लोकल, मेट्रो, बोट : धोका कुठं आहे?

मुंबईत फिरायचं म्हणजे लोकल आलीच. चढता-उतरताना फलाट आणि डब्याचा पायरीवजा भाग यांच्यात फट असते, आणि ती प्रत्येक स्टेशनवर सारखी नसते. त्यामुळे पहिला नियम गर्दीची वेळ टाळायची. सकाळी कार्यालयांकडे जाणारी आणि संध्याकाळी परतणारी गर्दी अंगावर घ्यायची काहीच गरज नाही. दुसरा नियम असा, की शक्य असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटवरून गाडी पकडायची. तिथून गाडी सुटते, त्यामुळे ती काही मिनिटं उभी असते. दार चाचपून, खांब धरून, नीट चढता येतं.

लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. अनेक स्टेशनांवर तो डबा जिथं थांबतो तिथं बीप-बीप असा आवाज येत राहतो. रोज प्रवास करणाऱ्या कित्येकांना हा आवाज कशाचा ते माहीतच नसतं. अंध प्रवाशासाठी तो फलाटावरचा पत्ता असतो. आत गेल्यावर ‘पुढील स्टेशन’ची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते, म्हणजे कुठं उतरायचं हे त्याला सोबत्याइतकंच कळतं.

मेट्रो स्टेशनवर जमिनीत पिवळ्या खरखरीत फरशा दिसतात. ती सजावट नव्हे. लांबट रेघा असलेली फरशी म्हणजे ‘सरळ चला’ आणि गोल ठिपके असलेली म्हणजे ‘थांबा, पुढे वळण, जिना किंवा फलाटाची कड आहे’. या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. पुढे त्या जगभर गेल्या. आपल्याकडे अडचण एवढीच, की फुटपाथवर बसवलेल्या याच फरशांवर कुणी बाइक लावतं, तर कुणी टपरी टाकतं. त्या फरशीवर उभी केलेली गाडी म्हणजे अंध माणसाच्या रस्त्यात बांधलेली भिंत.

सरकत्या जिन्यावर जायचं की साध्या जिन्यानं, हे त्यालाच विचारायचं. अनेकांना साधा जिना जास्त भरवशाचा वाटतो.

गेटवेवरून घारापुरीला जाणार असाल, तर बोटीत चढतानाचा क्षण सगळ्यात कठीण. बोट हलत असते, धक्का हलत नाही. कधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. तेव्हा खलाशाला आधीच सांगून ठेवायचं. दोघांनी मिळून उचलून नेण्यापेक्षा, कठडा कुठं आहे तो हात लावून दाखवायचा आणि बोट जवळ आली की “आता” म्हणायचं. लाइफ जॅकेट फक्त अंगात घालून थांबायचं नाही, त्याची पट्टी आणि बक्कल त्याच्या हाताला दाखवून ठेवायचं.

‘वॉव, काय मस्त!’ म्हणजे नेमकं काय?

सोबत्याचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे सांगणं. आणि इथंच बहुतेकांची गाडी अडते. गेटवेसमोर उभं राहून लोक म्हणतात, “काय भारी आहे यार!” हे ऐकून अंध माणसाला एवढंच कळतं, की समोर काहीतरी भारी आहे.

सांगायचं कसं, याची एक साधी रीत आहे. आधी मोठं, मग बारीक. आधी आपण कुठं उभे आहोत, मग काय दिसतंय. आणि माप शक्यतो अंगाच्या किंवा ओळखीच्या वस्तूच्या हिशेबानं.

गेटवेचंच उदाहरण घ्या. “आपलं तोंड समुद्राकडे आहे. समोर साधारण आठ मजली इमारतीएवढी दगडी कमान आहे. मधली कमान मोठी, दोन्ही बाजूंना लहान कमानी. वर घुमट आणि चार बुरूज. दगडाचा रंग पिवळसर. काही ठिकाणी दगडात कोरलेली जाळी आहे, आपल्या खिडकीला असते तशी, पण नक्षीची. कमानीच्या मागे लगेच पाणी, आणि पाण्यात बोटी.”

यात अर्धं मिनिटही जात नाही. मग इतिहास सांगा. १९११ मध्ये ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान ठरली. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. बांधून झाली १९२४ मध्ये. आणि तिच्या उद्घाटनाला पंचवीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. ही गोष्ट ऐकायला डोळे लागत नाहीत.

आणखी एक स्वस्त युक्ती. पर्यटनस्थळांच्या आसपास गेटवेची छोटी प्रतिकृती विकायला असते. ती हातात दिली, की दोन मिनिटांत आख्खी इमारत बोटांना कळते, अगदी घुमटापासून बुरुजापर्यंत. मरीन ड्राइव्हचा आकार सांगायचा असेल, तर त्याच्या तळहातावर बोटानं एक लांब कमान काढायची. या कमानीवर रात्री दिवे लागतात आणि ते वरून हारासारखे दिसतात, म्हणून तिला ‘क्वीन्स नेकलेस’ म्हणतात, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

रंग सांगावेत का? सांगावेत. जन्मापासून न पाहिलेल्या माणसालाही लाल, भगवा, पांढरा या शब्दांचे अर्थ माहीत असतात. ते भाषेत आहेत, सणांत आहेत. आणि ज्याची नजर नंतर गेली, त्याच्या डोक्यात तर रंगांचा आख्खा साठा असतो. त्याला “हापूसच्या सालीसारखा पिवळा” म्हटलं, की चित्र उभं राहतं.

‘बघ’, ‘दिसतंय’ हे शब्द टाळायचीही गरज नाही. अंध माणसंसुद्धा “काल मॅच बघितली” असंच म्हणतात.

इमारतींसोबत माणसंही सांगायची. बाकावर बसून कुल्फीवरून भांडणारं जोडपं, सेल्फीसाठी दहाव्यांदा केस सावरणारा पोरगा, भेळवाल्याची कसरत. डोळस माणूस शहरात निम्मा वेळ हेच तर बघत असतो. ते गाळून फक्त सनावळ्या सांगितल्या, तर ती सहल राहत नाही, शाळा होते.

आणि मध्येच गप्पही बसायचं. अखंड चालणारी कॉमेंट्री कुणालाच झेपत नाही.

एक दिवस, दक्षिण मुंबई

ठिकाणं निवडताना एकच प्रश्न विचारायचा : इथं डोळ्यांशिवाय काय मिळतं? दक्षिण मुंबईत त्याची उत्तरं भरपूर आहेत.

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून. १८८८ मध्ये पूर्ण झालेली फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. आतल्या उंच छताखाली घोषणा, पावलं आणि बॅगांची चाकं यांचा एक गुंजणारा आवाज तयार होतो. बाहेर पडलं, की तो आवाज एकदम पसरतो. इमारतीची उंची तिथं कानांना कळते.

तिथून पुढे फोर्टात एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल. १८३३ ची इमारत. रस्त्यापासून वर जाणाऱ्या ३० पायऱ्या. चढून गेलं, की हाताला येतात ते जाडजूड खांब. पायऱ्या मोजत चढलेल्या माणसाला या इमारतीचा रुबाब फोटो काढणाऱ्यापेक्षा जास्त कळतो, कारण तो त्याच्या पोटऱ्यांना कळलेला असतो.

भूक लागली, की इराणी. टेबलावर काय कुठं आहे ते घड्याळाच्या काट्यांनी सांगायचं. “सहाला बन मस्का, तीनला चहा, गरम आहे, बाराला पाणी.” एकदा सांगितलं, की पुढे कुणाच्या मदतीची गरज पडत नाही.

मग ओव्हल मैदान. एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको घरं. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मधल्या मैदानात एकाच वेळी अनेक मॅच चालू असतात. बॅटचा टोला कुठून आला, अपील कुणी केलं, हे ओळखत बसायचं. आणि टॉवरच्या ठोक्यांची वाट बघायची.

जवळच क्रॉफर्ड मार्केट आहे, १८६९ मधलं, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. फळांचा, मसाल्यांचा आणि टोपल्यांचा वास दर काही पावलांनी बदलतो. इथं हात लावला, तर कुणी ओरडत नाही. उलट दुकानदारच फळ हातात देतो.

दिवसाचा शेवट मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर. भरतीच्या वेळी लाटा कठड्याजवळच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आदळतात तेव्हा समुद्र किती जवळ आहे ते सांगावं लागत नाही.

‘हात लावू नका’च्या पाटीचं काय करायचं?

संग्रहालयात मात्र अडचण येते. काचेच्या आड ठेवलेली मूर्ती डोळस माणसाला दिसते, अंध माणसाला तिथं फक्त काच मिळते. मूळ वस्तूला हजारो हात लागले, तर ती झिजते, हेही खरं. मग उपाय?

उपाय म्हणजे हुबेहूब प्रतिकृती. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचं दालन सुरू झालं. तिथं संग्रहालयातल्या निवडक वस्तूंच्या २२ प्रतिकृती हात लावून बघण्यासाठीच ठेवल्या. सोबत ब्रेल पाट्या आणि ऐकण्याची सोय. मूळ मूर्ती सुरक्षित आणि बोटांनाही इतिहास वाचता आला.

२०१६ च्या कायद्यातल्या २९ व्या कलमात कला आणि संस्कृती दिव्यांगांना सुलभ करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. म्हणजे हे उपकार नाहीत, हक्क आहे. म्हणून संग्रहालयात जाण्याआधी फोन करून एक प्रश्न विचारायला हवा : “अंध प्रेक्षकांसाठी हात लावून बघण्यासारखं काही आहे का?” उत्तर ‘नाही’ आलं, तरी प्रश्न विचारला गेला, हे नोंद होतं. वारंवार विचारला गेला, तर कधीतरी सोय होते.

“यांना काय हवंय?”

अंध माणसासोबत हॉटेलात गेलं, की वेटर सोबत्याकडे बघून विचारतो, “यांना काय हवंय?” टॅक्सीवाला विचारतो, “यांना कुठं सोडायचं?” माणूस समोर बसलेला असतो, बोलू शकत असतो, पैसेही बहुधा तोच देणार असतो. तरी त्याला कुणी विचारत नाही.

इथं सोबत्यानं उत्तर दिलं, की दिवसभराची मेहनत वाया गेली. साधं म्हणायचं, “त्यांनाच विचारा ना.” आणि गप्प राहायचं. दोन-तीनदा असं झालं, की समोरचाही वळून बोलू लागतो.

पैशांचंही तसंच. १०० च्या नोटेवर उंचवट्याचा त्रिकोण असतो, ५०० च्या नोटेवर वर्तुळ. दोन्ही कडांना तिरक्या रेघा असतात, १०० ला चार आणि ५०० ला पाच. नोट जुनी झाली, की या खुणा झिजतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे अॅप आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेलं हे अॅप कॅमेऱ्यासमोर नोट धरली, की ती किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे पाकीट त्याचं त्याच्याकडेच राहू द्यायचं.

काय खायचं, किती चालायचं, कुठं थांबायचं, घारापुरीला जायचं की नाही, हे सगळं ठरवताना त्याला माहिती द्यायची. “बोट हलते, वर १२० च्या आसपास पायऱ्या आहेत, वाटेत माकडं आहेत. पण लेणीत आवाज घुमतो आणि सदाशिवाची जवळपास २० फुटी मूर्ती मी तुला सांगेन. जायचं?” यानंतर तो ‘हो’ म्हणाला, तर जायचं. ‘नाही’ म्हणाला, तर तेही ठीक. “तुला जमणार नाही” हे वाक्य मात्र त्याच्या वतीनं दुसऱ्यानं म्हणायचं नाही. नजर उसनी द्यायची, निर्णय नाही.

खर्चाचं गणित

बाहेरगावाहून मुंबईला येणार असाल, तर रेल्वेची सवलत माहीत हवी. पूर्ण अंध प्रवाशाला स्लीपर, थर्ड एसी आणि चेअर कारमध्ये ७५ टक्के, तर फर्स्ट आणि सेकंड एसीमध्ये ५० टक्के सवलत आहे. राजधानी आणि शताब्दीच्या थर्ड एसी आणि चेअर कारमध्ये ती २५ टक्के मिळते. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की सोबत येणाऱ्या एका व्यक्तीलाही तेवढीच सवलत मिळते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आणि रेल्वेचं ओळखपत्र लागतं. ते सहलीच्या आदल्या दिवशी मिळत नाही, आधीच करून ठेवावं लागतं.

आणि शेवटी, फोटो

फोटो तर काढणारच. त्याच्यासोबत काढा आणि त्यालाही काढू द्या. अनेक अंध माणसं आवडीनं फोटो काढतात, नंतर घरच्यांना दाखवतात आणि त्यावरून गप्पा रंगतात.

पण तो फोटो फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर टाकताना एक काम करायला हवं. अंध माणसाचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. फोटो मात्र त्याला वाचता येत नाही. २०१६ पासून फेसबुक फोटोत काय असावं याचा अंदाज आपोआप सांगतं, पण तो ‘दोन माणसं, बाहेर, पाणी’ अशा थाटाचा असतो. फोटो टाकताना सेटिंगमध्ये ‘ऑल्ट टेक्स्ट’ असा पर्याय येतो. तिथं दोन ओळी मराठीत लिहायच्या : “मी आणि सुहास मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर. मागे समुद्र, सुहासच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस, दोघंही हसतोय.”

एवढं लिहायला वीस सेकंद लागतात. मग ज्याच्यासोबत दिवसभर फिरलात, त्याला स्वतःचाच फोटो दुसऱ्या कुणाला न विचारता कळतो.